कुलवृत्तांत आणि दावीद राजाची गाळलेली गोष्ट

वाईची_सून
सासरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुन्या प्रतीत एका खापरपणजोबांनी विधवा भावजयीची जमीन लाटल्याची हकिकत आहे. ‘आता ती कशाला?’ असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं. त्यातच सध्या रात्री मराठी बायबल वाचतेय. ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकात दावीद राजा आपल्या उरीया नावाच्या शिपायाच्या बायकोला, बथशेबेला, बोलावून घेतो आणि उरीयाला लढाईत पुढे घालून मारवतो. बायबलमधल्याच ‘पहिले इतिहास’ या पुस्तकात तीच स्वारी, पण हे प्रकरणच नाही! मुद्दाम गाळलं असेल का?

सांगलीचा_पुस्तककिडा
मला तरी मुद्दामच वाटतं. सांधासुद्धा दिसतो. १ इतिहास २०:१ काढा. दावीदाचा सेनापती यवाब अम्मोनी लोकांच्या राब्बा शहरावर चालून जातो आणि दावीद यरुशलेमेत राहतो, एवढं ठेवलंय. शमुवेलात नेमकं तिथूनच, दावीदाला गच्चीवरून बथशेबा दिसते तो प्रसंग सुरू होतो.

इतिहासाचा हा लेखक यहुद्यांना बॅबिलोनला हद्दपार केलं त्यानंतरचा. स्वतःचा राजा उरला नव्हता, उरलं होतं मंदिर. म्हणून त्याचा दावीद सारखा मंदिराच्या तयारीत! पण सगळी पापं गाळली नाहीत बरं. दावीद लोकांची शिरगणती करतो ते पाप ठेवलं, कारण त्या गोष्टीत शेवटी अर्णानचं खळं येतं आणि शलमोन त्याच जागी मंदिर बांधतो. फक्त शमुवेलात शिरगणतीची बुद्धी परमेश्वर देतो, इथे सैतान.

जुना शमुवेल मात्र कुणी फेकला नाही, दोन्ही ग्रंथ पवित्रच. बाकी, त्या भावजयीच्या शाखेतलं कुणी तुमच्या समितीत आहे का?

वाईची_सून
आहेत ना, म्हणून तर बैठका लांबतायत. पण हे झालं लिहिणाऱ्या पंडितांचं. साधी माणसं पूर्वजांचं काय करायची?

कऱ्हाडचा_मोडीवाला
नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर इराणी राजवटीत नोकरी करणारे यहुदी शिपाई राहायचे. त्यांचं तिथं स्वतःचं मंदिर होतं. इ.स.पू. ४१० मध्ये ख्नूम या मिसरी (इजिप्तच्या) देवाच्या पुजाऱ्यांनी अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. तीन वर्षांनी या यहुद्यांनी यहूदियाच्या, म्हणजे यरुशलेमेकडच्या प्रांताच्या, सुभेदाराला अर्ज केला. मुद्दा काय, तर आमच्या बापजाद्यांनी हे मंदिर मिसरी राजांच्या काळात बांधलं, आणि इराणी राजा कॅम्बिसिस मिसरात आला तेव्हा त्यानं तिथल्या देवांची देवळं पाडली, पण आमच्या मंदिराला हात लावला नाही. मी मोडी कागद वाचतो. आदिलशाहीपासून वतन आमच्याकडे चालत आलंय म्हणणारे अर्ज अगदी याच सुरात असतात.

त्या बेटावरच्या कागदांत अब्राहाम किंवा मोशे यांचं नावसुद्धा येत नाही. त्यांच्या कामाचे पूर्वज म्हणजे मंदिर बांधणारे.

वाईची_सून
मग मिळाली का परवानगी?

कऱ्हाडचा_मोडीवाला
मिळाली. अर्जात धान्यार्पण, धूप आणि पशूंचा होम असं तिन्ही मागितलं होतं. परवानगीच्या टिपणात मंदिर पूर्वीच्या जागी बांधा, धान्य आणि धूप वाहा, एवढंच आहे. होमाचं नावच नाही.