अनुभव धागा: महापालिकेतली कामं, लागणारे कागद आणि नेमकं कुठे अडतं

निळाई
कपाट आवरताना घरपट्टीच्या जुन्या पावत्यांचं बाड हाती आलं. रबरबँड विरघळून कागदाला चिकटलेलं, निळा शिक्का अर्धवट उठलेला, आणि नाव अजूनही आजोबांचंच. नवीन बिलं यायचे दिवस आहेतच, म्हणून धागा काढते. आपापल्या गावात पालिकेचं जे काम तुम्हाला नीट माहीत आहे ते लिहा. कोणता कागद, कोणतं टेबल, अर्ज कशामुळे परत येतो. वाचणाऱ्याचा एक हेलपाटा वाचला तरी पुष्कळ.

सुरुवात नावबदलापासून. कराच्या बिलावरचं नाव हा मालकीचा पुरावा नव्हे, पण ते जुनं राहिलं की थकबाकीची नोटीस गेलेल्या माणसाच्या नावे निघते आणि कोणी ती घेतच नाही. खरेदीनंतर तीन महिन्यांत आणि मालक वारल्यास वर्षभरात पालिकेला कळवायचं असतं. खरेदीला इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचा उतारा. वारसाला मृत्यू दाखला, आणि एकट्याचं नाव लावायचं तर बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. नोटरी केलेल्या संमतीपत्रावर इथेच गाडी अडते. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव, मग पालिका. आणि थकबाकी शून्य असल्याची शेवटची पावती वरच लावा, त्याशिवाय अर्ज हलत नाही.

पेठेतला
चांगला धागा. वाचनखूण साठवली.

पुण्याचं लिहितो. बिल आलं की एकूण रकमेकडे नको, आधी खाली करांची जी फोड दिलेली असते तिथे बघा. सर्वसाधारण कर, अग्निशामक कर, वृक्षकर, जललाभ, मलनिःसारण, शिक्षण कर अशा ओळी असतात. राहत्या घराच्या बिलात रोजगार हमी कराची रक्कम दिसली तर समजा की तुमचा वापर दप्तरी बिगरनिवासी लागलाय. तो कर घरावर नसतोच. आधीच्या मालकाने क्लास किंवा दवाखाना चालवला असेल तर हमखास असं राहून जातं. वापरबदलाचा अर्ज द्यायचा, जागेची पाहणी मागायची. नुसतं काउंटरवर बोलून काही होत नाही.

दुसरं म्हणजे ४० टक्के सवलत. स्वतः राहत असाल तर १९७० पासून पुण्यात ही मिळत आलीय, मध्ये काढली होती, २०२३ मध्ये परत आली. ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरावा लागला. सोबत त्याच पत्त्याचा रहिवासाचा पुरावा आणि स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र. गॅसचं कार्ड जुन्या पत्त्याचं, मतदार ओळखपत्र माहेरच्या पत्त्याचं, अशांचे अर्ज अडकले. भाड्याने दिलेल्या घराला सवलत नाही.

मोगरा
३१ मेच्या आत भरलं की सूट मिळते ना पुण्यात?

पेठेतला
हो ताई, पण ती फक्त सर्वसाधारण करावर, पूर्ण बिलावर नाही. त्यामुळे हिशोब केला की लोकांना कमी वाटते. तारीख बिलावर छापलेलीच धरा. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांतलं एक चालू असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के आणखी. प्रकल्प पाहणीच्या दिवशी चालू दिसला पाहिजे. टाकी रिकामी आणि सोलरवर धूळ असली की सूट जाते. मुदत चुकली तर महिन्याला २ टक्के शास्ती, ती वर्षाला २४ होते, हे विसरू नका.

सायनची सून
मुंबईचं वेगळं. इथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर. आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला १ जानेवारी २०२२ पासून माफी आहे. मोजमाप ४६.४५ चौरस मीटर, तेही चटईक्षेत्र, म्हणजे कार्पेट. करारात बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं, तिथे घोळ होतो. सोसायटीचं बिल एकत्र येत असेल तर सेक्रेटरीने प्रत्येक सदनिकेचं क्षेत्र बरोबर लागलंय का ते तपासलं पाहिजे. नाहीतर माफीतलं घरसुद्धा मेंटेनन्समध्ये कर भरत राहतं.

बाळंतविडा
कुकर लावलाय, पटकन लिहिते. जन्मनोंद.

जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. राहतात पुण्यात, बाळंतपण सांगलीला माहेरी, तर दाखला सांगलीचा. दर वर्षी शाळाप्रवेशाच्या वेळी लोक चुकीच्या पालिकेत रांग लावतात.

२१ दिवसांत नोंद बिनपैशाची. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. दवाखान्यात झालेल्या जन्माची खबर दवाखानाच देतो, पण फॉर्म नर्सताई विचारून भरतात, आणि तिथेच आईचं नाव चुकतं. माहेरचं की सासरचं? आधारवर जे आहे तेच सांगा. डिस्चार्जच्या आधी तो फॉर्म मागून घ्या, एकेक अक्षर वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. 'दीपाली'ची इंग्रजीत दोन स्पेलिंगं होतात, आणि पासपोर्टच्या वेळी एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

बारसं व्हायच्या आधी नोंद झाली तर नावाची जागा कोरी असते. त्यात काही चूक नाही. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, नंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलत नाहीत. म्हणून घरात नावावर एकमत होईपर्यंत कोरंच राहू द्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, लायसन्स, मतदार यादी सगळीकडे जन्मतारखेला हाच दाखला लागणार आहे.

आजोळ
मृत्यूचंही कोणी लिहा. घरी गेलेल्या माणसाचं फार अवघड होतं, त्या वेळी कुणाला काही सुचत नाही.

बाळंतविडा
खरं आहे हो. घरी मृत्यू झाला तर ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांच्याकडून नमुना ४-अ. दवाखान्यात असेल तर नमुना ४, तो दवाखाना देतो. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तिन्ही बघून घ्या, रात्री घाईत शिक्का राहतो. मग स्मशानाचा पास. मृताचं आधार सोबत लागतं, आणि पासवर नाव आधारप्रमाणेच लिहायला सांगा, 'तात्या' किंवा 'माई' नको. दाखल्यावर पुढे तेच उतरतं. दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच चारपाच काढून ठेवा. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, सगळे आपापली मागतात.

आजोळ
🙏

वॉल्व्हमन
पाण्याचं मी सांगतो. पाणीपट्टी एकदम दुप्पट आली की आधी मीटर बघा. रात्री सगळे नळ बंद, टाकीचा कॉकही बंद. मीटरच्या काचेतून आकड्यांशेजारी एक छोटी चांदणी किंवा लाल त्रिकोण दिसतो. तो जरा जरी फिरत असेल तर मीटर आणि घर यांच्यामध्ये गळती. थांबलेला असेल तर गळती घरात: फ्लशची टाकी, नाहीतर गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक. फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद घाला. न ओढता भांड्यात पिवळं उतरलं की वायसर गेलाय.

आता गढूळ आणि वासाच्या पाण्याचं कारण. पाणी दिवसातून दोन-तीन तास येतं, बाकी वेळ लाईन रिकामी. त्यात कोणी मोटर थेट लाईनला लावली की पाइपात ओढ तयार होते, आणि जिथे जुना जीआय (लोखंडी) पाइप गटाराशेजारून गेलाय तिथून घाण आत खेचली जाते. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं पाणी वाया गेलं तरी सोडून द्यायचं. तक्रार देताना 'पाणी खराब' एवढंच लिहू नका. किती वाजता, पहिल्या धारेला की शेवटपर्यंत, शेजारच्या किती घरांत, हे लिहा. एकाच घरात असेल तर तुमच्या जोडणीचा पाइप कुजलाय, तो लायसनवाल्या प्लंबरकडून तुम्हीच बदलायचा. पूर्ण गल्लीत असेल तर मुख्य लाईन, ती पालिकेची.

मोगरा
हळदीची युक्ती भारी दादा, आत्ताच केली. पिवळं उतरलंय 😀 वायसर कितीला मिळतो?

वॉल्व्हमन
वायसर स्वस्त असतो ताई. जुना काढून दुकानात दाखवा, मापं वेगवेगळी असतात.

हिरवा कोपरा
ओल्या कचऱ्याचं. २०१६ च्या नियमांप्रमाणे (ते मार्च २०२६ पर्यंत लागू होते) ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा असलेल्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा होता. खड्डा वास मारतो म्हणून सोसायट्या तो बंद करतात, आणि वासाचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं. पाणी जास्त, सुकं कमी. ओला एक डबा असेल तर सुका पाला किंवा कोकोपीट निदान एक डबा. भातपिठल्याची खरकटी जास्त असतील तर दीड. मूठभर मिश्रण दाबून बघा. बोटांमधून पाणी गळलं तर सुकं घाला, मूठ उघडल्यावर भुगा होऊन पडलं तर पाणी शिंपडा, लाडू राहिला की बरोबर. आठवड्यातून दोनदा खालवर. आंबट ताक नाहीतर शेणाचं पाणी शिंपडलं की विरजण लागतं. दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार.

आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई हातानेच कचरा वेगळा करतात. तो ठिपका त्यांच्या हातांसाठी आहे. एवढं तरी प्रत्येक घराने केलंच पाहिजे.

सायनची सून
लाल ठिपक्याला शंभर वेळा अनुमोदन.
खतात अळ्या झाल्या तर?

हिरवा कोपरा
जाड, करड्या अळ्या असतील तर राहू द्या, त्या कचरा खाऊन लवकर संपवतात. बघवत नसेल तर वर दोन इंच सुका पाला पसरा.

कऱ्हाकाठ
आमची नगरपरिषद. इथे दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. नोटीस घरात टाकून जातात, लोक ती बिलासारखी ठेवून देतात, आणि हरकतीची मुदत निघून जाते. नोटीस आली की त्याच दिवशी टेप घ्या. पत्र्याची शेड, पायऱ्या, ओटा हे पक्क्या बांधकामात धरलंय का ते बघा. आकारणी यादीचा उतारा काढा, स्वतःची मापं शेजारी लिहा, फरक दाखवूनच हरकत द्या. "कर जास्त आहे" असं मोघम लिहिलेला अर्ज सुनावणीत टिकत नाही. 'पत्रा शेड १० बाय १२, आरसीसी धरली आहे' हे टिकतं.

पेठेतला
+१. सगळ्याच तक्रारींना लागू.

पोचपावती
सगळ्यांना कळकळीने सांगतो, आवक क्रमांकाशिवाय टेबल सोडू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख, क्रमांक. 'ठेवून जा, बघतो' म्हणजे अर्ज नोंदलाच नाही.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखले, कर उतारा, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांना ठरलेले दिवस आहेत आणि त्यांचा फलक कार्यालयात लावावा लागतो. मुदत गेली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. मग दुसरं. मग आयोग. कारण नसताना उशीर केल्यास ५०० ते ५००० रुपये शास्ती अधिकाऱ्यावर बसू शकते. पण दिवस मोजायला सुरुवात पोचेच्या तारखेपासून होते. पोच नाही तर अपील नाही.

खड्ड्याच्या तक्रारीत आधी रस्ता कोणाचा ते शोधा. पालिका, सार्वजनिक बांधकाम, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) की राष्ट्रीय महामार्ग. चुकीच्या ठिकाणी दिलेली तक्रार 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून बंद होते आणि आकड्यांत निकाली दिसते. दिव्याच्या तक्रारीत खांबावर रंगवलेला नंबर द्या.

टेकडी
पुणेकरांनो, नागरिकांचं अंदाजपत्रक विसरू नका. २००६ पासून आहे. पावसाळ्याच्या शेवटीशेवटी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे, बसथांब्याचं छप्पर अशी छोटी कामं सुचवायची, एका कामाला ५ लाखांची मर्यादा. सोसायटीच्या आतला रस्ता सुचवलात तर बाद, जागा पालिकेची हवी. जवळची खूण, लांबी-रुंदी आणि फोटो जोडा, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला अंदाज काढता येतो.

मोगरा
विषय सोडून विचारते, गल्लीत कुत्रा चावलाय एका मुलाला. पालिकेच्या दवाखान्यात लस मिळते ना? त्याची आई रडतेय नुसती.

बाळंतविडा
मिळते, आत्ताच पाठवा, उद्यावर नको. निघण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका, पट्टी बांधू नका. कातडीतली लस असेल तर आजचा दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते तिथे आहे का हे फोनवर आधी विचारा, नसेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. कार्ड जपायला सांगा.

मोगरा
निघाले ते रिक्षाने. धुतलं पंधरा मिनिटं.

आजोळ
बाळ बरं होऊ दे. कळवा संध्याकाळी.

कऱ्हाकाठ
वॉल्व्हमन दादा, टँकरचं पाणी टाकीत घेतल्यावर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची?

वॉल्व्हमन
हजार लिटरला अडीच ग्रॅम, पावसाळ्यात पाच. पावडर थेट टाकू नका. बादलीत आधी लगदा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत, गाळ फेकून द्या. अर्धा तास थांबून मगच नळ सोडा. पुडी उघडल्यावर नाकात झणका आला नाही तर त्यातला क्लोरीन उडून गेलाय, ती वापरू नका. उघडी पुडी ओलीत ठेवली की असंच होतं, झाकणाच्या डब्यात ठेवा.

मोगरा
पहिला डोस झाला त्याचा. पुढची तारीख तीन दिवसांनी लिहून दिलीय.