मुलांच्या कॅन्सर संशोधनासाठी मुंडण करतेय, आईला कसं समजावू?

एडिसनची_आई:
आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेक सात वर्षांची आहे. साडेचार वर्षांची असताना तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. सव्वादोन वर्षं उपचार चालले, ऑक्टोबरात शेवटची गोळी झाली.

येत्या मार्चमध्ये सेंट बॉल्ड्रिक्स या संस्थेच्या कार्यक्रमात मी डोक्यावरचे सगळे केस उतरवणार आहे. न्यू यॉर्कच्या एका पबमध्ये विमा क्षेत्रातल्या तिघांनी हे सुरू केलं. 17 मार्च 2000 ला 17 डोकी, 17 हजार डॉलर असं ठरलं होतं. प्रत्यक्षात 19 जणांनी मुंडण केलं आणि 1 लाख 4 हजार डॉलरच्या वर जमले! ओळखीचे लोक आपल्या नावावर देणगी लिहितात, पैसा मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला जातो. माझ्या नावावर आत्तापर्यंत 1,240 डॉलर लागलेत.

आई सांगलीला असते. फोनवर सांगितलं तर रडायलाच लागली. "कपाळावर कुंकू असताना डोकं बोडकं करणार? पैसे दे हवे तेवढे, हे नको." तिनं लहानपणी तिच्या आजीला विधवांच्या लाल आलवणात पाहिलंय. मागच्या दारी न्हावी आला की पोरांना आत कोंडायचे. तिचं दुःख खरं आहे, म्हणून वाद घालवत नाही. पण मला करायचंच आहे. कसं सांगू?

परळची_ताई:
मी कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय. आईंचं नंतर बघू. लेकीला विचारलंत का? केस गेलेले दिवस काही मुलांना पुन्हा डोळ्यांसमोर नको असतात. ती नको म्हणाली तर करू नका, देणगी तशीही गोळा करता येते.

जुना_गिरगावकर:
मुंबईच्या नाभिकांनी 1890 साली सभा भरवून ठरवलं होतं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. मुंडण करताना त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही स्वतः खुर्चीत बसणार आहात. आईंशी आजीबद्दलच बोला, ते टाळून पुढे जाऊ नका.

डॅलसकर:
मी दोनदा केलंय. लांब केस असतील तर आधी छोट्या वेण्या घालून कापायला सांगा, म्हणजे टोपासाठी देता येतात. लोकरीची टोपी सोबत न्या, त्या रात्री डोकं फार गार पडतं.

एडिसनची_आई:
परळच्या ताई, विचारलंच नव्हतं. लाज वाटली. रात्री विचारलं. ती बराच वेळ माझ्या वेणीशी खेळत राहिली, मग म्हणाली, "पहिलं मशीन मी फिरवणार." तिथल्या लोकांशी बोलून घेतलंय, चालेल म्हणाले.

मग आईला फोन लावला. आजीबद्दल विचारलं आणि पाऊण तास ऐकत राहिले. आजी अठराव्या वर्षी विधवा झाली, केस गुडघ्यापर्यंत होते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. नंतर मी तिला सदाफुलीचं सांगितलं. लेकीला शिरेतून द्यायचे ते व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध सदाफुलीतूनच निघतं. कुणीतरी ते झाड बारकाईनं तपासायला पैसा आणि वर्षं दिली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा आजार झालेली फार थोडी मुलं वाचायची, आज इथं दहातली नऊ वाचतात. आईच्या अंगणात तुळशीशेजारी दोन सदाफुल्या आहेत. ती काहीच बोलली नाही.

आज सकाळी तिचाच फोन. पाच हजार रुपये द्यायचेत, आजीच्या नावानं. माहेरचं नाव लिहायचं की सासरचं, ते उद्या कळवते म्हणाली.