लोडर लावलेला ट्रॅक्टर शेडमधे कसा उभा करायचा? बकेट वर का खाली?

माणदेशी_शेती:
नमस्कार मंडळी, शेणखत भरायला मजूर मिळेना म्हणून उन्हाळ्यात ट्रॅक्टरला फ्रंट लोडर (पुढं वरखाली होणारी मोठी बकेट) बसवून घेतला, काम एकदम भारी होतंय पण आता पाऊस तोंडावर आलाय आणि तीन-चार महिने त्याला फारसं काम नाही. पत्र्याचं शेड लहान आहे. आबा म्हणतात बकेट वर उचलून ठेव, खाली मोटारसायकल बसते आणि जागा वाचते. मला ते पटत नाहीये कारण घरात लहान पोरं आहेत आणि ती ट्रॅक्टरभोवतीच खेळतात. आबांना नीट सांगता येईल असं कुणीतरी सांगा, आणि इतके दिवस उभा ठेवायचा तर काय काय करू?

ऊसकरी_वाळवा:
भाऊ, बकेट खालीच, यात दुसरा विचारच नको. वर उचललेली बकेट फक्त जॅकमधल्या, म्हणजे ती उचलणाऱ्या नळकांड्यातल्या तेलावर उभी असते, त्याचं सील थोडं जरी झिजलं तरी रात्रभरात हळूहळू खाली येते, आणि होस (तेलाचा रबरी पाइप) फुटला तर दाणकन येते. आमच्याकडं संध्याकाळी कमरेएवढी उंच ठेवली होती, सकाळी बघतोय तर खाली लावलेल्या मोटारसायकलच्या सीटवर येऊन बसलेली, टाकीला पोचा पडलेला. त्या जागी पोरगं असतं तर? आबांना हेच सांगा. आणि नुसती खाली सोडून चालत नाही, पोरं वर चढून दांडा हलवतात, म्हणून इंजिन बंद केल्यावर लोडरचा दांडा चारी बाजूला हलवून प्रेशर सोडायचं, मग हँडब्रेक ओढायचा आणि चावी काढून घरात न्यायची. आमची चावी देवघरात असते.

गॅरेजवाला_फलटण:
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी रोज हीच कामं करतो म्हणून अजून थोडं सांगतो. जॅकची ती चकचकीत दांडी असते ना, पावसाळ्यात खरं नुकसान तिचं होतं. बाहेर राहिलेल्या भागावर दमट हवेनं बारीक लाल ठिपके पडतात, नखानं चाचपलं तर लागतात, आणि लोडर चालू केला की तेच ठिपके सील कापतात. बकेट खाली असली की उचलायच्या जॅकची दांडी जवळजवळ सगळी आत जाते, पण बकेट पलटवायच्या जॅकची थोडी बाहेर राहतेच, तिला ग्रीस चोपडा आणि काम सुरू करायच्या आधी ते पुसून काढा नाहीतर त्यावर माती बसते. बकेट धुवून दोन फळ्यांवर सपाट टेकवा, ओल्या मुरमावर ठेवली तर तळ गंजतो. टाकी डिझेलनं भरून ठेवा, अर्धी रिकामी असली की आत पाणी सुटतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. क्लच पॅडल दाबून खाली लाकडाचा ठोकळा अडकवा, नाहीतर दोन महिन्यांनी प्लेट चिकटून बसते, असे ट्रॅक्टर दर दिवाळीला माझ्याकडे येतात.
आणि एक कळकळीनं सांगतो, होस गळतोय असं वाटलं तर हातानं चाचपू नका. बारीक छिद्रातून प्रेशरचं तेल कातडीतून आत घुसतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण बोट जाऊ शकतं. पुठ्ठा धरून बघा आणि तसं काही झालंच तर दुखायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

माणदेशी_शेती:
खूप आभार दोघांचेही. जागेचं काय करू मग? लोडर काढून ठेवला तर?

गॅरेजवाला_फलटण:
काढता येतो, पण त्याच्या स्वतःच्या स्टँडवर आणि पक्क्या सपाट जागेवरच, बकेट लावलेली ठेवूनच, नाहीतर सांगाडा कलंडतो. होसच्या तोंडांना टोप्या घाला. पोरं असलेल्या घरात मी म्हणेन ट्रॅक्टरलाच राहू द्या, मोटारसायकल पडवीत लावा.

माणदेशी_शेती:
आबांना मोटारसायकलच्या सीटचं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण आत्ता बाहेर जाऊन बकेट खाली घेतली आणि मागच्या चाकांना दगड लावून आले.