सोबतच्या माणसाची मजुरीही धरा

दवाखान्यात भरती झाल्यावर दारू तुटून रुग्ण बिथरला की खाट अडते, नर्स अडकतात, हा दवाखान्याच्या नुकसानीचा हिशेब कुणी मांडला, तो पटला. पण त्यात नातेवाइकांची बुडालेली मजुरी कुठंच नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात (दारूबंदी आहे म्हणे!) पाय मोडून भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळायला लागतो. दारू एकाएकी तुटली की काहींना साधारण ४८ ते ९६ तासांत असा भ्रम होतो. त्याला धरायला घरचे दोघं लागतात, अन् ऐन कापूस वेचणीत दोघांचीही मजुरी जाते.

भरतीच्या वेळीच 'शेवटची कधी घेतली?' विचारलं तर लोराझेपाम (बिथरणं शांत करणारं औषध), थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) वेळेत सुरू करता येतं. फक्त बायकोला बाजूला नेऊन विचारा. नवऱ्यासमोर ती काय सांगणार?