सागवानावर पिंपळपान कोरताना लाकूड उपटून येतंय

नवा_कोरीवकार
घरच्या जुन्या चौकटीतलं सागवान आहे, ८ × ६ इंच, १ इंच जाड. त्यावर पिंपळपान उठावात कोरायचंय, आजूबाजूचं लाकूड दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली न्यायचंय. लाकडाच्या रेषा देठाकडून टोकाकडे जातात. कार्बन पेपरने नक्षी उतरवली, टोकापासून घड्याळाच्या दिशेने सरळ पटाशी उभी ठोकत कड पाडली आणि त्याच दिशेने पानाची बाजू तासत गेलो. वरच्या अर्ध्यात उजवीकडे लाकूड उपटतं, डावीकडे साफ निघतं. खालच्या अर्ध्यात बरोबर उलटं. पानाची लांब शेपटी तर पूर्ण उडाली. हत्यारं म्हणजे बारा नगांचा स्वस्त संच, पाकिटातून काढला तसाच वापरतोय. पटाश्या बदलू की लाकूड?

सुतारपक्षी
आधी दिशा बदला. रेषा पानाच्या लांबीत असेल तर पानाची कड नेहमी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे तासायची: पोटापासून टोकाकडे आणि पोटापासून देठाकडे, दोन्ही बाजूंनी. एकाच दिशेने गोल फिरलात की चारपैकी दोन भागांत पटाशी रेषांच्या खाली शिरते आणि धार पोचायच्या आधीच लाकूड फाटत पुढे जातं. तुमचं उजवं-डावं, वर-खाली जे होतंय त्याचं कारण हेच.

शेपटी उडाली ती उभ्या ठोक्यांनी. पटाशी ही पाचरच असते. आत गेली की तिच्या जाडीएवढं लाकूड बाजूला सरकायला हवं. बाहेरचं लाकूड अजून घट्ट असेल तर सगळा दाब पानावर येतो, आणि तीन मिमी रुंदीच्या शेपटीला दोन्हीकडून तो दाब सोसत नाही. म्हणून क्रम असा ठेवा:

व्ही-टूलने (इंग्रजी V आकाराच्या धारेची पटाशी) नक्षीच्या रेघेबाहेर दोन मिमी सोडून चर काढा. मग खोल गोल पटाशीने बाहेरचं लाकूड एक सूतभर उतरवा, शक्यतो रेषांना आडवं. आडवं चालताना लांब चिरफळी निघत नाही. त्यानंतरच रेघेवर उभा काप घ्यायचा, तोही वळणाला जुळणाऱ्या गोल पटाशीने. सरळ पटाशीचे कोपरे वळणात रुततात. धार रेघेवर ठेवून मूठ किंचित पानाकडे कलती ठेवा, म्हणजे पानाची कड तळाशी रुंद राहते. काप तळाच्या पातळीपर्यंतच. खाली गेला तर तळावर टोचल्यासारखे डाग उरतात. मग हीच फेरी पुन्हा, दुसऱ्या सुतासाठी. शेपटी सगळ्यात शेवटी, हातोडी बाजूला ठेवून, हाताच्या दाबाने.

हळदू
दिशेबद्दल सहमत, पण पहिल्या कामाला सागवान नको असं माझं ठाम मत आहे. त्यात सिलिका असते, धार भराभर मरते आणि शिकणाऱ्याला कळतच नाही की चूक हाताची आहे की धारेची. वखारीत शिवण मिळाली तर घ्या: हलकी, वाळल्यावर फारशी वाकत नाही, रेषा बऱ्यापैकी सरळ. हळदू (काहीजण हेदू म्हणतात) थोडं कठीण, पण पोत इतका एकसारखा की बारीक शिरासुद्धा नीट उठतात. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा ऐकून तोच आणायला जाऊ नका. तो इतका मऊ की धार कमी पडली तर कापला न जाता चेपतो. आंब्यात रेषा उलटसुलट असतात, तोही पहिल्यांदा टाळा.

सागवानच वापरणार असाल तर आधी फळीवरून लोहचुंबक फिरवा. चौकटीत मोडलेले खिळे राहतात, आणि एका खिळ्यात धारेचा मोठा तुकडा जातो.

बारा हत्यारं लागत नाहीत. १२ मिमी सरळ, १२ मिमी उथळ गोल (३ नंबर; नंबर जितका मोठा तितकी गोलाई खोल), ८ मिमी मध्यम (५ किंवा ७), १० मिमी खोल (९) आणि ६ मिमीचं ६० अंशांचं व्ही-टूल, एवढ्यात हे पान पूर्ण होतं.

धारकरी
मूळ उत्तर “पाकिटातून काढला तसाच” यात आहे. त्या पटाश्यांना धार नसते, नुसता आकार असतो. धारेचा कोन २० ते २५ अंश हवा, सागवानाला २५ कडे. धारेमागच्या उताराला काळ्या मार्करने रंगवा. ४०० च्या धारेच्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक) पटाशी आडवी सरकवत मनगट वळवा, म्हणजे पूर्ण गोलाई घासली जाते. शाई अगदी टोकापर्यंत पुसली गेली आणि आतल्या बाजूला बोटाला सलग खरखर लागली की १००० च्या दगडावर या. आतली खरखर गोल काठीवर गुंडाळलेल्या १००० च्या पॉलिश पेपरने काढा. शेवटी धार चकचकीत करायची हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्यावर फक्त मागे ओढत पंधरा-वीस हात. पुढे ढकललंत तर चामडं कापेल आणि धार गोल होईल.

परीक्षा: मऊ लाकडावर रेषांना आडवा चर काढा. तळ चकचकीत हवा. चरात बारीक पांढरी रेघ उमटली तर धारेत तिथेच खाच आहे, पुन्हा १००० वर. काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चामडं. पावसाळ्यात ठेवताना मशीनच्या तेलाचा हात फिरवा.

आणि फळी दोन क्लॅम्पनी टेबलाला बांधाच. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने पटाशी, असं कधीच करू नका. दोन्ही हात धारेच्या मागे हवेत.

नवा_कोरीवकार
सगळ्यांचे आभार. दोन शंका: पॉलिश पेपर कधी मारायचा, आणि उडालेल्या शेपटीचं काय?

सुतारपक्षी
पेपर सगळं कोरून झाल्यावर, तोही २२० पासून. मध्येच मारलात तर त्याचे कण लाकडात अडकतात आणि पुढच्या कापाला धार खातात. तळावर तर मारूच नका, ३ नंबरच्या उथळ खुणा तिथे छान दिसतात. सागवानाची धूळ नाकाडोळ्यांना झोंबते, मास्क लावा. वर जवसाचं तेल लावलंत तर त्या चिंध्या चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा.

शेपटीचा तुकडा असेल तर आत्ताच, कडा न घासता फेव्हिकॉलने चिकटवा, कागदी टेपने ताणून बांधा आणि २४ तास हात लावू नका. तुकडा हरवला असेल तर तळ अजून उतरवायचा आहे हे सोयीचंच: पान अर्धा इंच खाली सरकवून पुन्हा छापा. नवी शेपटी किंचित वळवा, मात्र टोक रेषांच्या दिशेतच संपू द्या आणि शेवटची रुंदी चार मिमीपेक्षा कमी करू नका.