मुख्य पिक्चरच्या आधीची फिल्म : तुमच्या आठवणी लिहा

नोव्हेंबर 2024 मध्ये आईला विधानसभेच्या मतदानाला घेऊन गेलो. वय 81. बटण दाबून बाहेर आली आणि म्हणाली, "आता घडी घालायचं काही राहिलंच नाही रे."

घडी मतपत्रिकेची. ती तिला एका फिल्मने शिकवली होती. तिचं पहिलं मतदान 1967 चं. त्याआधी आमच्या गावात (सातारा जिल्हा) सरकारी प्रसिद्धीची जीप आली, चावडीसमोर पांढरं कापड ताणलं आणि फुलीचा शिक्का कसा मारायचा, कागद आधी उभा आणि मग आडवा कसा दुमडायचा, हे दाखवलं. ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली तर मत बाद होईल, ही धास्ती तिने पुढे कितीतरी वर्षं बाळगली. निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या मामाने नंतर सांगितलं, की शिक्क्यातल्या बाणांची रचनाच अशी असते की उलटा उमटलेला ठसा लगेच ओळखू येतो. तरी ती घडी जपून घालायची ती घालायचीच.

मग मी जुनं वाचत बसलो. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 17 कोटी 60 लाख मतदार होते, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली तीन हजारांवर चित्रपटगृहांत मतदानाविषयीची फिल्म दाखवली गेली. पुस्तक वाचू न शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायला पडदा होता. मला हे फार मोठं काम वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

टॉकीजमध्ये, शाळेच्या मैदानात, दूरदर्शनवर, निवडणुकीच्या प्रशिक्षणात, कुठेही मतदान, ग्रामसभा, शेजारधर्म असं काही शिकवणारी फिल्म पाहिली असेल तर लिहा. ती पाहून तुम्ही काही वेगळं केलंत का, हे आवर्जून लिहा.

केबिनवाला

मी ऑपरेटर होतो, तालुक्याच्या टॉकीजमध्ये, 1974 ते 1991. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचं रीळ पत्र्याच्या डब्यात यायचं. ते लावल्याशिवाय मुख्य पिक्चर लावता येत नसे, लायसनची अटच होती. भाडंही मालकाला भरावं लागे. पब्लिक त्या वेळात चहा-विडी उरकून घ्यायची. मला मात्र केबिन सोडता येत नव्हती, त्यामुळे दिवसाला तीन-चार खेळ, आठवडाभर तीच फिल्म. धरणं, देवीची लस, मतदार यादीत नाव कसं नोंदवायचं, सगळं तोंडपाठ. मी सातवी नापास. यादीत नाव तपासण्यासाठी तलाठ्याकडे जायचं असतं हे मला त्या रिळानेच सांगितलं. गेलो तर माझं नाव नव्हतं, वडिलांचं होतं, ते वारून चार वर्षं झाली होती. दोन्ही दुरुस्त करून घेतलं. नंतर गल्लीतल्या अकरा जणांची नावं नोंदवली.

पाणवठा

मला जे आठवतं ते जरा वेगळं आहे, पण लिहितो. मराठवाड्यातलं गाव, मी सहावीत. शाळेच्या पटांगणात फिल्म दाखवली. तिच्यात एका विहिरीवर सगळा गाव पाणी भरत होता, बायका हसत एकमेकींच्या डोईवर हंडे चढवत होत्या. निवेदक म्हणत होता की हे आपलं गाव. मी आईच्या मांडीवर बसलो होतो, आणि आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो होतो, कारण पुढे बसायची आम्हाला सोय नव्हती. तिथून चित्र उलटं दिसायचं. अक्षरं उलटी, माणसं डावखुरी.

त्या फिल्मचा मला बरीच वर्षं राग होता. खोटं दाखवलं म्हणून.

मग जानेवारी 1980 ची लोकसभा आली. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं, मला नुकतीच पूर्ण झाली होती. रांगेत माझ्यापुढे पाटलांचा थोरला मुलगा, मागे गुरव. एकच रांग. एकाच बाटलीतली शाई. अधिकाऱ्याने माझं बोट धरलं. आमच्या गावात परक्या माणसाने माझा हात असा सहज धरल्याचं मला दुसरं आठवत नाही. घरी येऊन आईला म्हणालो, त्या फिल्ममधलं एवढं एक खरं निघालं. विहिरीला आणखी बरीच वर्षं लागली.

केबिनवाला

पाणवठा, पडद्यामागे बसणारी माणसं मी जत्रेतल्या तंबूत पाहिलीत. पुढे या म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही. तुमचं वाचून आज जेवण गेलं नाही.

सही_नाही

2012 मध्ये ग्रामपंचायत सदस्य झाले, महिला राखीव जागेवरून. आदल्याच वर्षी महाराष्ट्रात पंचायतींत बायकांना निम्म्या जागा झाल्या होत्या. खरं सांगायचं तर उभं मला घरच्यांनी केलं होतं, आणि शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, मी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन सही करायचे. कशावर, ते विचारलं नाही.

सदस्यांच्या प्रशिक्षणाला तालुक्याला नेलं. दुपारी जेवणानंतर एक फिल्म लावली. अर्ध्या बायका पेंगत होत्या. त्यात ग्रामसभा दाखवली होती, आणि एक बाई उठून म्हणते, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा." एवढंच वाक्य. सरपंच जरा घुटमळतो आणि वाचतो. माझी झोप उडाली. असं म्हणता येतं? मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, हेही तिथेच कळलं. आमच्याकडे ती फक्त कागदावर होत होती.

पुढच्या वेळी शिपाई आला तेव्हा सही केली नाही. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उठले. पाय थरथरत होते, खरंच. वाक्य म्हटलं. कुणी हसलं. ग्रामसेवकांनी मात्र रजिस्टर उघडलं आणि वाचलं. त्यात आमच्या आळीच्या गटाराचं काम झालेलं होतं. आळीतल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.

गटार नंतर सात महिन्यांनी झालं. पुढे मी ती फिल्म पेनड्राइव्हवर मागून आणली आणि बचत गटात भाच्याच्या लॅपटॉपवर लावली. इतिवृत्ताचं वाक्य आलं की बायका मागे म्हणायच्या.

केंद्राध्यक्ष_मॅडम

प्रशिक्षणाच्या फिल्मबद्दल माझंही एक. 2019 ची लोकसभा, पहाटे साडेपाच, मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची यंत्राची चाचणी. किमान 50 मतं टाकायची, निकाल काढून उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायचा, मग यंत्र क्लिअर करायचं, व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) पेटीतल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. बाहेर रांग लागलेली, सात वाजायला थोडाच वेळ, सहकारी म्हणाले की मॅडम, सुरू करू. माझ्या डोळ्यासमोर फिल्ममधला तो एक शॉट आला: रिकामी पेटी उघडून सगळ्यांपुढे धरलेला हात. आम्ही पेटी उघडली. चिठ्ठ्या आतच होत्या.

छापील पुस्तिका मी दोनदा वाचली होती. त्या घाईत आठवला तो हातच.

जर्सीकर

न्यू जर्सीतून. बाबांनी 68 व्या वर्षी, 2014 मध्ये, अमेरिकी नागरिकत्वाची परीक्षा दिली. तेव्हा 100 प्रश्नांतले 10 विचारत, 6 बरोबर यावे लागत. मुलाखत कशी होते याचा सरकारी व्हिडिओ ते जेवताना लावायचे आणि अधिकाऱ्याच्या आधी उत्तर द्यायचे. पास झाले. शपथ घेऊन आले त्या रात्री मला म्हणाले, आता गावच्या यादीतून माझं नाव काढायला हवं, फॉर्म 7 भर. मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय. ते ऐकेनात. व्हिडिओ त्यांनी पाहिला होता अमेरिकेचा, पण नियमाने वागायचं हे त्यांना आपल्या गावासाठीही लागू वाटलं.

खडू_फळा

धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मोबाइलवरच्या मतदान ॲपने घेतो. मागच्या वर्षी मुलांनीच तिची चार मिनिटांची फिल्म केली. शूटिंगच्या वेळी भांडण झालं: एक मुलगा मित्राला म्हणाला, मला मत दिलंस तर दाखव. मतदान अधिकारी झालेल्या मुलीने फळ्यामागे खोक्याचा आडोसा केला आणि त्याला हाकललं. ते तसंच चित्रित झालं, आम्ही ठेवलं.

स्नेहसंमेलनात फिल्म लावली. आडोशाचा प्रसंग आला तशी पुढच्या ओळीतल्या एका आजींनी मला हाताने जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "म्हणजे आत काय दाबलं ते आमच्या घरच्यांना खरंच कळत नाही?"

मी सांगितलं, नाही कळत. त्यांनी पुन्हा विचारलं. मग फिल्म त्या आडोशापासून आणखी एकदा लावली.