फॉर्म ४ मध्ये पाठवलेला गाळ तयार झालेल्यापेक्षा जास्त येतोय – मदत हवी आहे

प्लांटवाला
३० जूनची मुदत दोन दिवसांवर आलीय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर फॉर्म ४ (घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र) अडकलाय. पाठवलेला माल तयार झालेल्यापेक्षा जास्त दिसतोय. कसं बसवायचं? लवकर सांगा.

गाळणी
कोणता कचरा, कोणती कॅटेगरी? आकडे टाका. फॉर्म ४ च्या भाग अ मध्ये वर्षअखेरचा साठा विचारतात, सुरुवातीचा नाही. १ एप्रिलची शिल्लक विसरलात तर असा फरक येणारच.

प्लांटवाला
कॅटेगरी ३५.३, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ. रजिस्टरला २१.६० टन, मॅनिफेस्टवर (कचऱ्याच्या गाडीबरोबर जाणाऱ्या कागदांवर) २६.०१. सुरुवातीची शिल्लक ३.२०, ३१ मार्चला १.६८. शिल्लक धरूनही जुळत नाही, म्हणून तर विचारतोय.

गाळणी
३.२० + २१.६० − १.६८ = २३.१२. म्हणजे २.८९ टनांचा फरक. रजिस्टरमधलं वजन काट्यावरचं की पोती मोजून? आणि २६.०१ हे तुमचं वजन की निळ्या, म्हणजे माल घेणाऱ्याकडून परत येणाऱ्या प्रतीवरचं?

हरितसेवा
पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं असतं. त्यातही घातक कचरा येतो. आत्ताच तयारी करा.

प्लांटवाला
फॉर्म ५ चं नंतर बघू हो. पोती मोजून लिहितात, पोत्याला ४० किलो. वर्षात ५४० पोती भरली, आधीची ८०, शेवटी ४२ उरली. २६.०१ निळ्या प्रतींची बेरीज आहे.

गाळणी
मग सापडलं. ८० + ५४० − ४२ = ५७८ पोती गेली. २६,०१० किलो भागिले ५७८, बरोबर ४५ किलो. ४० हा आकडा कधीतरी सुक्या केकवर (दाबून पाणी काढलेल्या गाळावर) काढलेला असणार. फिल्टर प्रेसचं कापड चोंदलं किंवा पावसाळ्यात पोती उघड्यावर राहिली की पोत्यामागे पाच किलो पाणी सहज वाढतं.

केमिकल_इंजि
सुक्या वजनावर आणा. ओलावा काढून टाकला की सगळं मर्यादेत बसेल.

गाळणी
असं अजिबात करू नका. मॅनिफेस्ट ओल्या वजनाचं आहे आणि गाळ घेणारी फॅसिलिटीही आपल्या फॉर्म ४ मध्ये तेच वजन भरते. मंडळात दोन्ही आकडे शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.
५४० × ४५ = २४.३० टन तयार, २६.०१ पाठवला, ४२ × ४५ = १.८९ शिल्लक.

ताळेबंद
गाळणी, सुरुवातीची शिल्लक गेल्या वर्षीच्या फॉर्ममध्ये ३.२० गेलीय. ती बदलता येणार नाही. २६.०१ + १.८९ − ३.२० = २४.७० धरा, साखळी तुटत नाही.

गाळणी
साखळी टिकेल, पण ०.४० टन गाळ न होताच तयार झाल्याचं दाखवाल. २४.३० भरा आणि शिल्लक ३.२० ऐवजी ३.६० का, याचं एक पानी पत्र जोडा. प्लांटवाला, मंडळाच्या संमतीपत्रात (कारखाना चालवायच्या परवानगीत) ३५.३ ची मर्यादा किती आहे? हे तुम्ही सांगितलंच नाही.

प्लांटवाला
२४ टन प्रतिवर्ष. २३.९० टाकलं तर चालेल का?

ताळेबंद
नाही! २४.३० की २४.७० यावर आमचं जमत नसेल, पण २३.९० खोटं आहे. खरा आकडा भरा, संमतीपत्रातली मात्रा वाढवायचा अर्ज आजच टाका आणि त्याची पोच पत्राला जोडा.

सुरक्षा_अधिकारी
क्लोरीनचे टनर (मोठे सिलिंडर) असतील तर तेही मोजा. ९०० किलोचे ११ म्हणजे ९.९ टन, बाराव्याला १० टन ओलांडतात. मग घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल लागतं.

गाळणी
महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. प्लांटवाला, न्यूट्रलायझेशनला (सांडपाण्यातलं आम्ल मारायला) चुना वापरता का? कॉस्टिक सोड्यावर गेलात तर गाळ कमी होतो, मात्र बसायला वेळ लागतो. पॉलीचा (गाळ एकत्र आणणाऱ्या रसायनाचा) डोस जार टेस्टवर (भांड्यात छोटी चाचणी घेऊन) नव्याने ठरवावा लागेल. आणि ९० दिवसांवरची पोती ठेवू नका, वर्षाला १० टनांपर्यंतच्या कचरा तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदतवाढ देऊ शकतं, तुम्ही त्यात बसत नाही.

प्लांटवाला
चुनाच वापरतो. मार्चच्या शेवटच्या गाडीचं वजन कुठल्या वर्षात? २९ मार्चला निघाली, तिकडे २ एप्रिलला उतरली. २६.०१ मध्ये धरलीय.

ताळेबंद
गेटबाहेर पडली ती तारीख धरा, म्हणजे याच वर्षात. घेणारा ती पुढच्या वर्षात दाखवेल. तेवढ्या एका मॅनिफेस्टचा नंबर आणि वजन त्याच पत्रात लिहा, आणि उद्यापासून प्रत्येक पोतं काट्यावर ठेवायला लावा.